गोदावरीचे बंधारे आणि नावांची वाट

नदी शेतास पाणी देते, त्याप्रमाणेच मालास वाटही देते, हे जगातील पुष्कळ देशांत दिसून येते. आपल्याकडे मात्र नदीचा विचार पाणी, पूर आणि पुण्य या तीन नात्यांनीच बहुधा होत आला आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतील काठच्या गावांचा सारा संसार तिच्याशी बांधलेला आहे. या गावांतील कित्येकांस हे वाचून नवल वाटेल की, ज्या नदीतून त्यांचे विजेचे पंप पाणी उपसतात, ती कायद्याच्या दृष्टीने नावांचा राजमार्ग आहे. एप्रिल २०१६ मध्ये अंमलात आलेल्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील एकंदर १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरविले. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरी समाविष्ट आहे. अर्थात जालना जिल्ह्याचा सारा गोदाकाठही त्यात आला.

यादीत नाव आल्याने नदीत नाव येत नाही, हे उघड आहे. तथापि कायद्याच्या पुस्तकात जी गोष्ट एकदा लिहिली गेली, ती केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी योजनेत उतरते. म्हणून नदीवर नावा चालविणे म्हणजे काय, त्यास कोणती बांधकामे लागतात, या गोदावरीवरच पूर्वी असा प्रयत्न झाला त्याचे काय झाले, आणि काठच्या शेतकऱ्याच्या पाण्याशी या गोष्टीचा संबंध कोठे येतो, याचा विचार आपण आताच करून ठेवणे इष्ट होय. त्या विचारास साह्य व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लॉक म्हणजे काय?

नदीवर आडवा बांध घातला म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्या होतात. वरच्या अंगास उंच आणि खालच्या अंगास सखल. नावेस ही पायरी चढता अथवा उतरता येत नाही. यासाठी बांधाच्या एका टोकास दगडाचा अथवा काँक्रीटचा लांबट हौद बांधतात आणि त्याच्या दोन्ही तोंडांस भक्कम दरवाजे बसवितात. या बांधकामास लॉक असे म्हणतात. वरून नाव आली म्हणजे खालचा दरवाजा बंद ठेवून हौद वरच्या पाण्याने भरून घेतात. मग वरचा दरवाजा उघडून नाव आत घेतात व तो दरवाजा लावतात. यानंतर खालच्या झडपेतून हौदातील पाणी हळूहळू सोडले जाते. पाणी उतरते तशी नावही उतरते, आणि खालच्या पातळीस पोचली की खालचा दरवाजा उघडून पुढे निघून जाते. वर चढणाऱ्या नावेसाठी याच क्रिया उलट क्रमाने कराव्या लागतात. नावेस उचलण्यासाठी यंत्राची गरज नसते. पाणी आपल्याच भाराने ते काम करते.

ही युक्ती फार जुनी आहे. चीन देशात इ. स. ९८४ मध्ये असा दोन दरवाज्यांचा हौद कालव्यावर बांधला गेला होता. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या वरच्या भागात एकोणतीस लॉक असून त्यांचे बंधारे बहुतांशी १९३० नंतरच्या दशकात बांधले गेले. तेथे बंधाऱ्यांचे मुख्य काम शेतास पाणी देण्याचे नाही. नावांखाली नऊ फूट पाणी राहावे, एवढ्यासाठीच ते उभे आहेत. ज्या खोऱ्यात पाऊस आणि वितळणारे बर्फ मिळून नदीस वर्षभर पाणी पुरवितात, तेथे असे करणे परवडते.

मात्र लॉकच्या प्रत्येक फेरीस एक हौदभर पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीस जाते, हे विसरता कामा नये. पनामाच्या प्रसिद्ध कालव्याचे लॉक गातून नावाच्या गोड्या पाण्याच्या तलावावर चालतात. २०२३ साली त्या प्रदेशात पाऊस कमी झाला, तेव्हा एरवी रोज सुमारे ३६ जहाजे जेथून जात तेथे ती संख्या २४ च्या आसपास आणावी लागली. मुबलक पावसाच्या देशातही ही गोष्ट घडते, तर वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जालना जिल्ह्यात तिचा विचार किती सावधपणे केला पाहिजे, हे सांगावयास नको.

धवळेश्वरमचा बांध

गोदावरीवर लॉक कधी झालेच नाहीत, असे नाही. नदी समुद्रास मिळण्यापूर्वी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियराने १८४७ ते १८५२ या काळात मोठा बांध घातला. १८३३ च्या दुष्काळाने त्या किनाऱ्यावरील प्रदेशाची दैना झाली होती. नदी दारावरून वाहत असता शेते मात्र कोरडी, अशी तेथील स्थिती होती. कॉटन यांच्या बांधाने नदीचे पाणी चढवून ते कालव्यांत घातले, आणि हे कालवे भातशेतीस पाणी देणारे व नावाही चालविणारे असे दुहेरी उपयोगाचे ठेवले. नदीतून कालव्यात आणि एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नावा जाव्यात, यासाठी तेथे लॉक बांधले गेले. भात, मीठ, इमारती लाकूड असा अवजड माल दीर्घ काळपर्यंत या मार्गाने गेला. पुढे १९७० नंतर त्या जुन्या बांधाची जागा नव्या बंधाऱ्याने घेतली. त्यास कॉटन यांचेच नाव दिलेले आहे.

येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट अशी की, नाव ही तेथे शेताच्या पाण्यावर चालली. कालव्यात पाणी शेतासाठी वाहतच होते. त्याच पाण्यावर नाव तरंगली, म्हणून तिचा खर्च अंगावर आला नाही. शिवाय तो प्रदेश त्रिभुज आहे. सबंध खोऱ्याचे, म्हणजे सव्वातीन लाख चौरस किलोमीटरांच्या आतबाहेरच्या मुलखाचे पाणी तेथे एकत्र होऊन येते. आपल्या जिल्ह्याजवळून जाणारी गोदावरी ही त्या मानाने नुकतीच घाटमाथ्यावरून उतरलेली व पर्जन्यछायेच्या मुलखातून चाललेली नदी आहे. प्राणहिता आणि इंद्रावती या तिच्या मोठ्या सख्या तिला फार पुढे भेटतात.

वऱ्हाडच्या कापसासाठी काढलेली वाट

धवळेश्वरमच्या यशाने कॉटन व त्यांचे सहकारी यांस मोठा हुरूप आला. रेल्वेपेक्षा जलमार्ग पुष्कळ स्वस्त पडतो आणि हिंदुस्थानास त्याचीच अधिक गरज आहे, हा कॉटन यांचा जन्मभर आग्रह होता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. तेथील कापूस त्यापूर्वी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापुरास जात असे. वाटेत पाऊस, धूळ व दिरंगाई यांनी मालाची नासाडी होई आणि भाडे वाढे. हा कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट काकिनाड्याच्या बंदरास न्यावा, अशी कल्पना निघाली. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तिकडील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, तेव्हा या कल्पनेस फारच जोर चढला.

परंतु त्या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुमुगुडेमजवळ, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली येथे, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. देवलमरी हे ठिकाण आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मोडते. कॅप्टन हेग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली या तिन्ही ठिकाणी बांध घालून खडकाळ पात्राच्या बगलेने कालवे काढावयाचे व त्यांवर लॉक बसवावयाचे, असा बेत ठरला. १८६० साली 'अप्पर गोदावरी' नावाचा स्वतंत्र जिल्हा करून त्याचे ठाणे सिरोंचा येथे ठेवण्यात आले. दुमुगुडेम येथील बांध, कालवा व लॉक यांचे काम पुष्कळसे झाले. वरच्या दोन ठिकाणची कामे अपुरी राहिली. लक्षावधी रुपये खर्ची पडल्यानंतर १८७१ साली सरकारने सारे काम थांबविले. इंचमपल्लीस धरण घालण्याची गोष्ट पुढे विसाव्या शतकात पुन्हा निघाली, पण ते धरणही आजवर झालेले नाही.

हा प्रयत्न का फसला? त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण पाण्याचे. पावसाळ्यात नदीस पूर असे, तेव्हा धार इतकी जोराची की नाव वर चढविणे कठीण. आणि उन्हाळ्यात पाणी इतके उथळ की नाव तळास टेके. मधले काही महिने तेवढे उपयोगाचे. व्यापाऱ्यास बारमाही वाट लागते. चार महिन्यांच्या वाटेवर तो गोदामे बांधीत नाही. त्यातून कापूस वेचून, सरकी काढून बाजारास तयार होतो तो हिवाळ्याच्या अखेरीस, म्हणजे नेमके नदी उतरणीस लागते तेव्हा.

दुसरे कारण मुलखाचे. अरण्यातील हिवतापाने कामकरी व अधिकारी यांस हैराण केले, आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले.

तिसरे कारण कालमानाचे. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले व कापसाचे चढे भाव खाली आले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा, वर्धा या वाटेने नागपुरास पोचली. ज्या कापसासाठी नदी साफ करावयाची, तो कापूस आगगाडीत बसून मुंबईस जाऊ लागला. आपल्या भागातही तसेच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून जालना, परतूर या वाटेने हैदराबादेस जाणारी जी रेल्वे झाली, तिचे नावच 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' असे होते. नदीच्या खोऱ्याचा माल नदीऐवजी रुळांनी उचलला.

धवळेश्वरम व दुमुगुडेम ही दोन्ही कामे एकाच नदीवर आणि एकाच पिढीतील इंजिनियरांनी केलेली. एकाने मुलूख सुखी केला, दुसरे सोडून द्यावे लागले. पहिल्या कामास शेताचा आधार होता. नावा कमी झाल्या तरी भात पिकतच राहिला व पाणीपट्टी येत राहिली. दुसरे काम केवळ नावांच्या भाड्यावर उभे होते. नावा आल्या नाहीत, तेव्हा त्यास दुसरा पोशिंदा उरला नाही.

जालना जिल्ह्यातील बंधारे

आता आपल्या काठाकडे वळू. पैठण येथील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्‍घाटन केले. त्याच्या नाथसागर जलाशयात एकंदर सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यांपैकी उपयोगात येणारे सुमारे ७६ अब्ज घनफूट. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतून पुढे परभणी जिल्ह्यात जातो. या धरणाने कालव्याखालील जमिनीस पाणी दिले, परंतु धरणाखालील नदीचे पात्र मात्र पूर ओसरल्यावर पूर्वीपेक्षा लवकर कोरडे पडू लागले. कालव्याचे पाणी न पोचणाऱ्या काठच्या गावांस 'नदी उशाला आणि कोरड घशाला' असा अनुभव येऊ लागला.

यावर उपाय म्हणून नदीच्या पात्रातच ठिकठिकाणी उच्च पातळी बंधारे बांधण्यात आले. लोक त्यांस बॅरेज असेही म्हणतात. घनसावंगी तालुक्यात जोगलादेवी, मंगरूळ व राजाटाकळी आणि परतूर तालुक्यात लोणी सावंगी, असे चार बंधारे जालना जिल्ह्याच्या काठावर आहेत. लहान नदीवरील कोल्हापुरी बंधाऱ्यास हाताने बरगे घालावे लागतात. या मोठ्या बंधाऱ्यांस लोखंडी दरवाजे असून ते यंत्राने वर उचलले जातात. पावसाळ्यात दरवाजे वर असतात, पूर व गाळ खालून निघून जातो. पावसाळा सरता सरता ते खाली सोडतात आणि नदीच्या दोन काठांमध्येच लांबच लांब तलाव उभा राहतो. जमीन बुडत नाही, कालवा खणावा लागत नाही. काठचा शेतकरी आपल्या पंपाने पाणी उचलतो. ऊस, मोसंबी, कापूस, हळद यांस या पाण्याचा आधार झाला आहे.

या चारही बंधाऱ्यांस लॉक नाही. वरच्या अंगास नांदूरमधमेश्वर व जायकवाडी, खालच्या अंगास नांदेडचे विष्णुपुरी व धर्माबाद तालुक्यातील बाभळी, आणि तेलंगणातील श्रीरामसागर, यांपैकी कोणत्याही ठिकाणी नावेस चढण्या-उतरण्याची सोय नाही. तेव्हा कायद्यातील जलमार्ग खराखुरा करावयाचा म्हटला, तर या प्रत्येक ठिकाणी लॉक बांधावे लागतील. जायकवाडीची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आणि बाभळीची ३३८ मीटर. म्हणजे एवढ्या अंतरात नावेस सुमारे सव्वाशे मीटर उतरावे लागेल. एका लॉकने चार मीटर उतार साधतो असे धरले, तर एकतीस-बत्तीस लॉक लागतील. दहा मीटरांचा एकेक लॉक धरला, तर बारा-तेरा लागतील. पण हौद तितका खोल होईल आणि दर फेरीस पाणीही तितके अधिक जाईल.

नाव आणि शेत यांचा हिशेब

हा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत मांडून पाहू. हौद ३० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि पातळ्यांमधील फरक ४ मीटर असा धरला, तर एका फेरीस ७२० घनमीटर पाणी खाली जाते. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमिनीस साडेसात सेंटिमीटरांची एक पाळी द्यावयाची तर ७५० घनमीटर पाणी लागते. तेव्हा एक नाव एकदा उतरली म्हणजे साधारणपणे अडीच एकरांची एक पाळी उतरली, असे समजावे. रोज दहा फेऱ्या महिनाभर झाल्या, तर २ लक्ष १६ हजार घनमीटर, म्हणजे जवळजवळ ७२० एकरांची एक पाळी होते. एक नाव उतरून त्याच हौदात दुसरी चढविली, तर पाण्यात अर्धी काटकसर होते, हेही खरे. आणि हे पाणी नष्ट होत नाही, खालच्या बंधाऱ्यात जमा होते, हेही कबूल केले पाहिजे. पण वरच्या गावाचे पाणी खालच्या गावास गेले, म्हणजे वरच्या गावाच्या लेखी ते गेलेच.

तथापि खरी अडचण याहून मोठी आहे. लॉकमधून जाणारे पाणी थोडे. नावेखाली पडून राहणारे पाणी फार. नाव चालावयाची तर पात्रात ठराविक खोलीचे पाणी सदैव राहिले पाहिजे. दहा किलोमीटर लांब व दोनशे मीटर रुंद अशा पात्रात दोन मीटर पाणी राखून ठेवावयाचे म्हटले, तर ४० लक्ष घनमीटर पाणी अडून पडते. एवढ्या पाण्यात सव्वातेरा हजार एकरांची एक पाळी होते. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक बंधाऱ्याचे मोजमाप निराळे असेल. पण त्यांवरून एवढे स्पष्ट होते की, नावेसाठी पातळी बांधून देणे म्हणजे त्या पातळीखाली पंप बंद ठेवणे होय. फेब्रुवारीपासून मेपर्यंत, म्हणजे मोसंबीच्या झाडास जीव धरून ठेवावयाचा असतो नेमक्या त्याच महिन्यांत, शेतकऱ्याचे फुटव्हॉल्व्ह त्या राखीव पाण्याच्या वर आणून ठेवावे लागतील. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि वर्षानुवर्षे वाढविलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या वाक्याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जलमार्गाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य असा जड आणि घाई नसलेला माल पाण्यावरून नेल्यास इंधन कमी लागते. गंगेवर फराक्का येथे लॉक आहे आणि तेथून नावांची ये-जा होते. पण गंगेस हिमालयाच्या बर्फाचे पाणी आहे. आपल्या जिल्ह्यातून बाहेर जाणारा माल पाहिला, तर लोखंडी सळ्या, बियाणे, कापसाच्या गाठी, मोसंबी यांची वाट रस्ता व रेल्वे हीच आहे, आणि मोसंबीस तर दिरंगाई मुळीच सोसत नाही. जालन्यास बंदर देण्याचे ठरले तेव्हा तेही 'कोरडे बंदर'च ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये जालना शहराजवळ त्याची पायाभरणी झाली, आणि तेथून माल रुळांवरून न्हावाशेव्याच्या बंदरास जावा अशी ती योजना आहे.

आडवी नाव

नदीवर उभी नाव चालविणे आणि आडवी नाव चालविणे यांत मोठे अंतर आहे. उभी नाव म्हणजे प्रवाहाच्या दिशेने दूरवर जाणारी. तिला प्रत्येक बंधाऱ्यास लॉक पाहिजे. आडवी नाव म्हणजे या काठावरून त्या काठावर जाणारी. तिला लॉक नको, साठलेले शांत पाणी पुरे. गोदावरीच्या पैलतीरावर बीड जिल्ह्यातील गेवराई व माजलगाव हे तालुके आहेत. दोन्ही काठांवर सोयरीक आहे, शेती आहे, बाजारहाट आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास पाणी साठले म्हणजे पूर्वी पायउतार असलेली वाट बंद होते आणि पुलापर्यंत मोठा वळसा पडतो. अशा गावांस सुरक्षित होडी, उतरण्याचा पक्का धक्का आणि प्रत्येक उतारूस तरंगण्याचे जाकीट, एवढी सोय झाली, तरी जलमार्गाचे खरे हित बरेच साधेल; आणि त्यासाठी शेताचे एक घागरभर पाणीही खर्च होणार नाही.

दरवाज्यांचे पंचांग

काठच्या शेतकऱ्याचे भवितव्य आज नावेपेक्षा बंधाऱ्याच्या दरवाज्यावर अधिक अवलंबून आहे. दरवाजे फार लवकर खाली सोडले आणि उशिराचा पूर आला, तर फुगवटा शेतांत चढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत गोदावरीचे पाणी काठच्या पिकांत शिरले, ते पावसाळ्याच्या अगदी अखेरीस. उलटपक्षी दरवाजे सोडण्यास उशीर झाला, तर परतीच्या पावसाचे शेवटचे पाणी निघून जाते व पुढील आठ महिने ते परत येत नाही. या तारखांचे महत्त्व किती, हे बाभळीच्या बंधाऱ्यावरून कळते. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन त्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, असे ठरवून दिले. दोन राज्यांचा तंटा अखेर दरवाजे केव्हा उघडावयाचे व केव्हा लावावयाचे, या तारखांवर येऊन मिटला.

वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी किती यावे, याचाही निर्णय असाच तारखेशी बांधलेला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी समन्यायी पाणीवाटपाचा जो आदेश दिला, त्यात १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून हिशेब करण्याची रीत घालून दिली. मोठ्या धरणांस अशी रीत घालून दिलेली असता आपल्या बंधाऱ्यांच्या दरवाज्यांची तारीख कोणास ठाऊक नसावी, हे ठीक नव्हे.

काठच्या शेतकऱ्यांनी काय करावे?

यास्तव आमच्या शेतकरी बंधूंस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

एक, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ याने पाणी वापर संस्थांस कायद्याचे बळ दिले आहे. बंधाऱ्यावरून उपसा करणाऱ्या गावांनी अशी संस्था स्थापन करून आपल्या हक्काचे पाणी किती, हे लेखी ठरवून घ्यावे. ज्याचा हक्क कागदावर नाही, त्याचे पाणी दुसऱ्या कामास वळविणे सर्वांत सोपे असते.

दोन, बंधाऱ्याचे दरवाजे कोणत्या दिवशी खाली सोडले, कोणत्या दिवशी उचलले, पाण्याची पातळी दर पंधरवड्यास किती होती आणि कोणत्या दरवाज्यातून गळती होते, याची वही संस्थेने ठेवावी. पावसाळ्यापूर्वी दरवाजे, रबरी पट्ट्या व उचलण्याचे यंत्र तपासले गेले की नाही, हे समक्ष पाहावे. पाच वर्षांची अशी वही शंभर अर्जांपेक्षा अधिक काम करते.

तीन, बंधाऱ्याचा साठा पाहून पीक घ्यावे, पीक पाहून साठ्याची आशा करू नये. उसास ठिबक सिंचन दिल्याखेरीज नदीतील पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. आणि वरच्या गावाने सारे पाणी जानेवारीतच उपसले, तर खालच्या गावाची मोसंबी जगत नाही.

चार, पुढेमागे जलमार्गाची योजना दारी आलीच, तर हुरळूनही जाऊ नये व आंधळा विरोधही करू नये. तीन प्रश्न विचारावे. नावांसाठी लागणारे पाणी कोणत्या धरणातून व कोणत्या महिन्यांत येणार? पात्रात राखावयाची पातळी किती, आणि त्यामुळे कोणाचे पंप बंद होणार? नावा न आल्यास त्या बांधकामाचा शेतास काय उपयोग? या प्रश्नांस आकड्यांनिशी उत्तर मिळाले, तर योजनेचा विचार अवश्य करावा.

दीडशे वर्षांपूर्वी गोदावरी व प्राणहिता यांच्या खडकांत लॉक बांधणारे लोक आळशी नव्हते आणि अडाणीही नव्हते. नदीत पाणी किती महिने राहते, या एका गोष्टीपुढे त्यांच्या श्रमाचे काही चालले नाही. आज आपल्या हाती चार बंधारे आयते आले आहेत. ते शेतासाठी बांधलेले आहेत, आणि शेतासाठीच त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेणे हे काठच्या गावांचे पहिले काम होय. येत्या आश्विनात पाऊस परतू लागेल, तेव्हा प्रत्येक गावच्या दोन शहाण्या माणसांनी वही-पेन्सिल घेऊन बंधाऱ्यावर जावे आणि दरवाजा कोणत्या तारखेस खाली आला, ते लिहून ठेवण्यापासून आरंभ करावा.